पाटात ओतलेली लाट

मोनिका भिंगारदिवेला कुणी "तुम्ही नेमकं काय करता?" असं विचारलं, की तिच्या कपाळाला आठी पडते. विचारणाऱ्याचाही काही दोष नाही म्हणा. देवळाली प्रवरात तिच्या वडिलांच्या वेल्डिंगच्या दुकानावरून गेलात, तर ती कधी सिमेंटच्या घमेल्यात कोपरापर्यंत हात घालून बसलेली दिसेल, कधी फरशीवर खडूनं बाकडं आखताना दिसेल, तर कधी गळ्यात कॅमेरा अडकवून नुसतीच एखाद्या भिंतीकडं बघत उभी असेल. गावातल्या बायका म्हणतात, सुनीलची पोरगी गवंडीकाम करते. तिकडं नगरच्या सावेडीतले लोक तिला आर्टिस्ट म्हणतात. आणि ती स्वतः म्हणते, "मी उतार बनवते." घ्या! यावर समोरच्यानं बोलायचं तरी काय?

पण ते खरंच आहे. बाईनं कामं बदलली, हत्यारं बदलली, प्रत्येक कामात लोकांची बोलणी खाल्ली, तरी सगळ्याच्या मुळाशी एक उतारच आहे. आणि त्या उताराला कुणी कठडा घातला तर ती काय करते, हे सावेडीकरांनी एका रविवारी सकाळी उघड्या डोळ्यांनी पाहिलं. तेच सांगायचं आहे. पण आधी एका लग्नाचं सांगू द्या. तिच्या नव्हे, दुसऱ्याच्या.

मोनिका तेव्हा राहुरीतल्या एका फोटो स्टुडिओत कामाला होती. हल्ली आमच्या भागात सुपारी फुटायच्या आधी प्री-वेडिंगची तारीख ठरते. मग जोडपी निघतात. कुणी मुळा धरणावर, कुणी विद्यापीठातल्या झाडांखाली, कुणी थेट उसाच्या फडात. पाचट टोचत असतं, तरी बिचारी हसत उभी राहतात. अशाच एका हौशी नवरदेवाच्या डोक्यात आलं की आपले फोटो कोरड्या पाटात काढायचे. आमच्याकडं धरणाचं पाणी पाटाला पाळीपाळीनं सुटतं, त्याला आवर्तन म्हणतात. आवर्तन संपलं की पुढचं सुटेपर्यंत पाट ठणठणीत कोरडा. मधे सपाट तळ आणि दोन्ही बाजूंना सिमेंटचे तिरके काठ.

तर नवरीनं घागरा पसरला, नवरदेव गुडघ्यावर बसला, हातात गुलाब. मोनिकानं कॅमेरा डोळ्याला लावला. आणि नवरदेवाच्या मागून एक पोरगा चाकाच्या फळीवर उभा राहून काठावरून सुसाट खाली आला, तळ ओलांडून समोरच्या काठावर चढला, अगदी कडेपर्यंत गेला, आणि तिथं एक क्षण असा थांबला की जणू त्याला वजनच नव्हतं. मग आला तसा परत खाली.

मोनिकाचा कॅमेरा नवरा-नवरीला सोडून त्याच्यामागं वळला तो वळलाच. नवरदेव "ओ मॅडम, ओ मॅडम" करतोय, नवरीच्या पायाला खडे टोचताहेत, आणि ही बाई पाटाच्या तळाला आडवी पडून त्या पोराचे फोटो काढतेय! स्टुडिओत कार्ड उघडलं तेव्हा त्यात नवरदेव नावाला आणि फळीवरचा पोरगाच भरून. नवरदेवाच्या अंगाचा तिळपापड झाला. "लगीन माझं हाय का त्या पोराचं?" असं त्यानं दुकानात येऊन विचारलं. स्टुडिओवाल्यानं मोनिकाला त्याच दिवशी घरचा रस्ता दाखवला.

तो पोरगा म्हणजे चेतन. सावेडीचा, चांगल्या फ्लॅटमध्ये राहणारा, मोबाईलवर व्हिडिओ बघून बघून स्केटबोर्ड शिकलेला. कागदावर आता अहिल्यानगर, पण बोलण्यात अजून नगरच. तर त्या अख्ख्या नगरात त्याला आणि त्याच्या दोस्तांना फळी टेकवायला जागा नव्हती. पार्किंगमधून वॉचमन हाकलायचा, बागेतून काका लोक, रस्त्यावरून पोलीस. मग ही टोळी शोधत शोधत राहुरीच्या पुढं पाटापर्यंत आली होती. मोनिकानं त्याला फोटो पाठवले. तो म्हणाला, "ताई, आमचे फोटो आजवर कुणीच काढले नाहीत. तक्रार करायला मात्र खूप जणांनी काढलेत."

घरी सुनीलनं कपाळावर हात मारून घेतला. सुनील भिंगारदिवे म्हणजे अख्ख्या पंचक्रोशीत उसाच्या ट्रॉल्या, खिडक्यांची ग्रिलं आणि फाटकं करणारा माणूस. आलेल्या कामाला नाही म्हणायचं नाही आणि कुणाच्या तोंडी लागायचं नाही, हा त्याचा आयुष्यभराचा बाणा. "मोने, लोकं लगीन एकदाच करत्यात," तो म्हणाला. "आनी तू फळीवरच्या पोराचं फोटू काढीत बसलीस? आता दुसऱ्या स्टुडिओत तरी कोन घेईल तुला?"

"न्हाई घेतलं तर न्हाई," मोनिका म्हणाली. "मला नकोच हाय."

मग पाट कोरडा पडला की ती दर वेळी तिथं जायला लागली. पहिल्यांदा पाटाच्या पाण्यावर देखरेख करणारा पाटकरी रामहरी मोटारसायकलवरून आला आणि वरूनच ओरडला, "ए, निघा बाहीर! पाट काय तुमच्या बापाचा हाय व्हय?"

"आमच्या बापाचा न्हाई," मोनिका खालून म्हणाली, "पन तुमच्याबी न्हाई. सरकारचा हाय ना? मग आमी कोन, परदेशी?"

रामहरीनं बरंच काही ऐकून घेतलेलं होतं नोकरीत, पण पाटाच्या तळाला पाठीवर पडलेल्या पोरीकडून असं कधी ऐकलं नव्हतं. तो काठावर बसला आणि चेतनची उडी बघत राहिला. पुढच्या वेळी त्यानंच शेंगा आणल्या. पाणी कधी सुटणार हे तो अधिकाऱ्यांच्या आधी मोनिकाला सांगू लागला.

फोटो गाजले. मोबाईलवर लोकांनी ते पुढं पाठवले, कुठल्या कुठल्या शहरातल्या पोरांनी विचारलं की हा स्केटपार्क कुठला? चेतन हसून लोळायचा. "सांग त्यांना, उसाला पाणी देणारा." पण एक दिवस तोच फुगून बसला. त्याच्या एका चांगल्या उडीचा फोटो मोनिकानं काढला होता आणि त्यात चेतनचं डोकंच नव्हतं. दुसऱ्यात नुसते पाय. तिसऱ्यात फळीचं एक चाक, आणि बाकी सगळा पाट.

"ताई, तू माझे फोटो काढतेस की पाटाचे?"

मोनिकानं कॅमेरा पुढं ओढला. तिनं जुने फोटो काढून बघितले. खरंच की! महिनोन् महिने पोरं कडेकडेला सरकत चालली होती आणि मधे तो तिरका काठ येऊन बसला होता. कुठं ऊन पडलेला, कुठं शेवाळाचा डाग, कुठं चाकांनी घासून गुळगुळीत झालेला. तिनं कॅमेरा पिशवीत टाकला, पाटात उतरली आणि एका वळणापाशी काठावर पालथा हात ठेवला. सिमेंट उन्हानं तापलेलं होतं. तिथं पाट वळत होता, त्यामुळं काठ नुसता तिरका नव्हता. तो एकाच वेळी वरही जात होता आणि मागंही सरकत होता. हे फोटोत येत नाही, ती मनाशी म्हणाली. हे हातालाच कळतं.

झालं. तिथून तिचं डोकं फिरलं, असं तिची आई जयमाला सांगते, आणि सांगताना हसते.

आवर्तन सुटलं की पोरांना जागा नसायची, म्हणून मोनिकानं वडिलांच्या दुकानात उताराचा पत्रा वळवून घेतला. ट्रॉलीचाच पत्रा होता. सुनील वेल्डिंग करत होता आणि ती शेजारी उभी राहून "अजून थोडा, अजून थोडा" करत होती. "अगं, ऊस भरायचा हाय का हत्ती?" असं म्हणत त्यानं तो वळवला. मग तिनं वेल्डिंगची काडी स्वतःच हातात घेतली. पहिले टाके असे पडले की सुनीलनं तोंड फिरवलं. पुढं पुढं जमले. त्या उतारातून बाकडी निघाली, ज्यांची पाठ वर जाता जाता मागं वळायची आणि माणूस बसला की आपोआप सैल व्हायचा. सावेडीतल्या एका चहाच्या दुकानानं ती घेतली, मग आणखी कुणी घेतली. मग लोखंड पुरेना म्हणून ती सिमेंटकडं वळली. शाळा नाही, गुरू नाही. गावातल्या गवंड्यांच्या मागं लागून लागून तिनं माल कसा कालवायचा, जाळी कशी बांधायची, थापीनं कसं घोटायचं, हे सगळं शिकून घेतलं. भावकीतले लोक जयमालाला विचारायचे, पोरीला काही ठिकाण बघताय की नाही? जयमाला म्हणायची, "ती सिमेंट बघतीया सध्या."

आणि मग आप्पासाहेब आले.

आप्पासाहेब म्हणजे सावेडीतल्या सुविधा कॉलनीच्या बाग समितीचे अध्यक्ष. माणूस गोड. बोलताना समोरच्याचा हात हातात घेणारा. त्यांनी चहाच्या दुकानातलं बाकडं बघितलं होतं आणि त्यांच्या मनात आलं होतं की आपल्या बागेच्या मधोमध काहीतरी असंच, पण भव्य, पाहिजे. "मोनिकाताई, आपल्याच जिल्ह्यातली मुलगी, आपलीच कला," असं ते समितीच्या बैठकीत म्हणाले. सगळ्यांनी माना डोलावल्या.

मोनिकानं एकच अट घातली. "कठडा नको आनी पाटी नको. पोरांनी चढायचं, बसायचं, फळी चालवायची. ज्याला वाटंल त्यानं हात लावायचा. कबूल असंल तर करते."

"अहो, तुमचीच वस्तू," आप्पासाहेब म्हणाले. "तुम्ही म्हणाल तसं. दिला शब्द." सगळी समिती समोर बसलेली होती.

आता कुणी म्हणेल, एवढ्या कठड्याचं काय मोठंसं? तर त्याचंही कारण आहे. मोनिका चौथीत असताना सुनीलनं जवळच्या एका गावात देवळाचा कठडा आणि फाटक केलं होतं. मापं त्यानं घेतली, कापलं त्यानं, जोडलं त्यानं, रंगही त्यानंच दिला. कार्यक्रमाच्या दिवशी निरोप आला की फाटकाचं कुलूप अडकतंय. सुनील मोटारसायकलवर निघाला, पुढं टाकीवर मोनिका. तो फाटकातून आत पाऊल टाकणार तोच एक जण आडवा आला. "तिथनंच सांगा काय करायचं ते. आत नका येऊ. हात नका लावू." सुनील म्हणाला, बरं. बाहेरूनच त्यानं सांगितलं, तेल सोडा, पट्टी उचलून धरा, किल्ली उलटी फिरवा. कुलूप सुटलं. परत येताना तो हसत हसत म्हणाला, "आपल्याला कुठं त्यांच्या देवाचं काय मागायचं हुतं? आपल्या घरात बुद्ध हाय. कुलूप अडकलं हुतं, तेवढं सोडवलं." पण टाकीवर बसलेल्या पोरीला पाठीमागं बापाची छाती हलताना कळत होती. ते हसणं नव्हतं. ती आजतागायत ते विसरलेली नाही, आणि का विसरावी?

तर कामाला लागली. तिला पाहिजे होतं पाटाचं तेच वळण, जिथं तिनं हात ठेवला होता. लाकडाचे साचे करून बघितले, ते तडकले. पत्र्याचे केले, वळण चुकलं. शेवटी तिला सुचलं ते वेड्या माणसालाच सुचावं. साचा करायचाच कशाला? साचा तर पाटात आहे! वळणावरच्या काठावर प्लास्टिक अंथरायचं, त्यावर जाळी बांधायची आणि वरून माल ओतायचा. पाटाची पाठ म्हणजे शिल्पाचं पोट. वाळलं की उचलून पालथं करायचं.

रामहरीनं कानाला हात लावले. "माझी नोकरी घालवशील, पोरी." पण मग तोच म्हणाला, "आवर्तनाला अजून लई येळ हाय. मी काय बघितलं न्हाई. पन वरनं धूर निघंल असं काय करू नको."

चेतन आणि त्याची टोळी सुट्टीच्या दिवशी फळ्या बाजूला ठेवून घमेली वाहायला आली. चांगल्या घरची पोरं; हाताला फोड आले, पण हटली नाहीत. माल ओतला, घोटला, उचलायला कड्या बसवल्या, वर गोणपाट टाकलं. मोनिका रोज दोन वेळा कॅन भरभरून पाणी मारायला जायची.

आठवडा गेला असेल नसेल, तोच पाटाच्या शेवटाकडचे, म्हणजे टेलाचे शेतकरी रस्त्यावर उतरले. आमची पिकं जळतात आणि पाणी धरणात झोपलंय, असं म्हणून त्यांनी रास्ता रोको केला. त्यांचंही काही चूक नव्हतं. आणि आवर्तन ठरल्याच्या आधी सुटलं. रामहरीचा फोन आला. "पोरी, पानी सुटलं. निघालंय. माझ्याच्यानं काय हुईना."

मोनिका धावत पाटावर पोचली तेव्हा वळणाशी गढूळ पाणी येऊन लागलं होतं. बघता बघता गोणपाट तरंगलं, कड्या बुडाल्या, आणि जिथं तिचं सगळं काम होतं तिथं नुसतं पाणी वाहत राहिलं. काठावर चार माणसं जमली होतीच. अशा वेळी ती कुठून उगवतात कोण जाणे. त्यातला एक म्हणाला, "चालली बघा मोनिकाची कला, टेलाला!" आणि सगळे फिदीफिदी हसले.

त्या हसण्यानं मात्र तिची मान वर झाली. तिनं ओढणीनं तोंड पुसलं. "हसा, हसा," ती म्हणाली. "आठ दिवसांचा माल हाय तो. सिमेंट हाय, साखर न्हाई इरघळायला. मी कॅननं पानी मारीत हुते, आता धरन मारतंय. तुमच्या बंगल्याच्या स्लॅबला तरी मिळालं हुतं का एवढं पानी?"

बोलली खरी, पण आवर्तन चाललं तितके दिवस ती रोज काठावर जाऊन पाणी किती उतरलं ते बघून यायची. मनात नाही नाही ते येत होतं. पाणी ओसरल्यावर ती उतरली, गुडघाभर गाळातून गेली आणि हातानं चाचपलं. होतं. जिथल्या तिथं होतं, आणि असं घट्ट की हातोडी मारली तर खणकन आवाज आला. तिला रडू फुटलं, आणि यावेळी तिनं डोळे पुसलेही नाहीत.

हायड्रा क्रेन आणून उचललं, पालथं केलं. खालची बाजू वर आली तेव्हा सगळे जवळ सरकले. पाटाचं वळण जसंच्या तसं उतरलं होतं, पण उलटं. खड्डा होता तिथं फुगवटा, आणि तो वर जाता जाता मागं वळलेला. अंगावर प्लास्टिकच्या चुण्या बारीक बारीक उमटल्या होत्या आणि त्यांत गाळ बसला होता. रामहरी म्हणाला, "आरं, ही तर लाट हाय." तेच नाव पडलं. मोनिकानं तो गाळ धुतला नाही.

लाट सावेडीला गेली, बागेत मधोमध बसली, वर कापड झाकलं. रविवारी सकाळी कार्यक्रम. मंडप, खुर्च्या, लाल फीत, बाहेरगावचे पाहुणे. मोनिकानं नवा कुडता घातला होता. जयमाला पांढऱ्या साडीत पहिल्या रांगेत बसली होती. सुनील टेम्पो घेऊन आधीच आला होता आणि का कोण जाणे, लांब फाटकापाशीच उभा होता. चेतन आणि पोरं फळ्या काखेत मारून मागं उभी होती.

कापड ओढलं. टाळ्या वाजल्या. आणि मोनिकाच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

लाटेच्या चारी बाजूंनी लोखंडी कठडा. छातीएवढा उंच, वर भाल्यांसारखी टोकं. समोर पाटी: "शिल्पास हात लावू नये."

ती तीरासारखी पुढं गेली आणि कठड्यापाशी खिळून उभी राहिली. कारण जवळून तिला दुसरं काहीतरी दिसलं. लोखंडाच्या प्रत्येक जोडावर टाक्याच्या शेवटी एक बारीक गाठ होती. टाका संपवताना काडी उलटी फिरवून उचलायची सवय असली की अशी गाठ पडते. अख्ख्या जिल्ह्यात ही सवय तिला एकाच माणसाची ठाऊक होती. त्यानंच तर तिला काडी धरायला शिकवलं होतं.

ती फाटकाकडं चालत गेली. "पप्पा, हे टाके तुमचे हायेत."

सुनील इस्त्रीच्या शर्टाची बाही ओढत राहिला.

"बोला ना."

"व्हय. मीच केलाय. काल रातच्याला येऊन बसवला. आप्पासाहेब दुकानात आल्ते. म्हनले, कठडा नसंल तर समितीतली लोकं उचलून टाका म्हनत्यात. म्हनलं, पोरीचं नाव व्हतंय, त्यात खोडा कशाला."

"आनी मला सांगितलं न्हाई."

"तू ऐकली असतीस व्हय?"

"न्हाई, ऐकलं नसतं!" तिचा आवाज फुटला. "पप्पा, त्या देवळाचं कुलूप आठवतंय ना? तिथं परक्यांनी तुमाला कठड्याच्या बाहीर ठिवलं. आज तुमीच मला ठिवलं."

सुनीलची मान खाली गेली. मोनिका वळली, तडक मंडपातून चालत गेली, कठड्याच्या आडव्या पट्टीवर पाय दिला आणि वर चढली. भाल्याच्या टोकात कुडत्याची बाही अडकली आणि टर्रकन फाटली. तिनं मागं बघितलंही नाही. पलीकडं उडी मारून ती लाटेवर चढली आणि अगदी वर, जिथं ती मागं वळते तिथं, पाय सोडून बसली.

पाहुणे एकमेकांकडं बघू लागले. आप्पासाहेबांनी माईक ओढला. "मोनिकाताई, खाली या बाळ. मोठे लोक आलेत. हे शोभतं का?"

"आप्पासाहेब, तुमी सगळ्यांसमोर शब्द दिल्ता. कठडा न्हाई, पाटी न्हाई."

"अहो, पण ही कला आहे! कला लांबून बघायची असते. उद्या बाहेरची पोरं येतील, घाणेरडे हात लावतील..."

"घाणेरडे हात?" मोनिकानं दोन्ही पंजे वर केले. सिमेंटनं तडकलेले, नखांत काळं बसलेलं. "हे बघा. ह्याच हातांनी झालंय हे. पाटाच्या गाळात झालंय. हिला हात लावल्याबिगर ती कळत न्हाई, म्हनून तर केली! नसंल चालत तर हायड्रा बोलवा. मी हिच्यासकट देवळालीला जाते. पन कठड्यातली लाट मी ठिवू देनार न्हाई, आप्पासाहेब. कुनालाच न्हाई."

"आधी खाली उतरा, मग बोलू," आप्पासाहेब म्हणाले. आता आवाजातला गोडवा आटला होता. "सुनीलराव कुठं आहेत? सुनीलराव, तुमच्या मुलीला समजावा!"

सगळ्यांनी मागं वळून बघितलं. सुनील फाटकापाशी नव्हता. तो टेम्पोच्या हौद्यात वाकला होता. तिथून तो ग्रायंडर घेऊन उतरला आणि वायर सोडत सोडत मंडपाकडं आला. वायर पुरेपर्यंत आला आणि इकडं तिकडं बघू लागला. बोर्ड एकच होता, आणि त्यात आप्पासाहेबांच्या माईकची पिन होती.

"सुनीलराव, समजावा तिला, आपल्याला हा कार्यक्रम..." आप्पासाहेब बोलत होते आणि मधेच त्यांचा आवाज गेला. त्यांचं तोंड हलत राहिलं. सुनीलनं पिन काढून ग्रायंडरची लावली होती.

जन्मात कुणाच्या तोंडी न लागलेला माणूस. त्यानं आताही कुणाच्या तोंडाला तोंड दिलं नाही. खिशातून चष्मा काढून डोळ्यांवर चढवला, आपल्याच पहिल्या टाक्याला पातं लावलं आणि ठिणग्यांचा झोत पाहुण्यांच्या बुटांपर्यंत गेला. पहिली रांग खुर्च्यांसकट मागं सरकली. जयमाला तेवढी जागची हलली नाही.

"अहो, काय करताय काय!" आप्पासाहेब माईकशिवाय ओरडले.

"माझा टाका हाय," सुनील मान वर न करता म्हणाला. "मीच घातला, मीच काढनार."

एकेक जोड सुटत गेला. मागून चेतन आणि पोरं धावत आली आणि त्यांनी कठड्याचा एक अख्खा भाग उचलून गवतावर आडवा केला, पाटीसकट. कॉलनीतली बारकी पोरं आयांचे हात सोडवून पुढं सरकली, पण अजून बिचकत होती. कुणीतरी मोठ्यानं आधी जावं म्हणून थांबली होती.

सुनीलनं ग्रायंडर बंद केला. चष्मा कपाळावर सरकवला. तुटलेल्या कठड्यातून तो लाटेपाशी गेला, आणि तिथं त्याचे पाय थबकले. मग सवयीनं तो वाकला आणि चपला काढायला लागला.

"पप्पा!" वरून मोनिका म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते आणि ती हसत होती. "चपला राहू द्या पायात. या वर."

सुनीलनं वर लेकीकडं बघितलं. मग त्यानं काढलेली चप्पल परत पायात घातली, तापल्या सिमेंटवर पालथा हात ठेवला आणि चढू लागला. अर्ध्यावर धाप लागली तरी तो थांबला नाही. वर पोचल्यावर त्यानं लेकीला कोपरानं ढोसलं.

"सरक की जरा," तो म्हणाला. "बसू दे मला."

मोनिका सरकली. खालून पोरांचा लोंढा ओरडत वर यायला लागला.